चार पोती हजेरी

ती. आक्का,

तुला आणि भावोजींना आम्हा दोघांचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की जिना चढताना डावा कुरकुरतो आणि उतरताना उजवा. सध्या पाळी कोणाची आहे ते कळव. भावोजींचा खोकला गेला असेल असं धरून चालतो. नसेल गेला तर त्यांना म्हणावं, उघड्या खिडकीशी बसून वाचू नका. (ते ऐकणार नाहीत, पण मी सांगितलं होतं एवढं त्यांच्या कानावर असू दे.) इथे आम्ही ठीक. दुकान चालू आहे. लोकांची नजर अधू होत राहते, त्यामुळे चष्मेवाल्याला फारशी काळजी नसते. तुझी भावजय मजेत आहे. पत्र पुरं झालं की पाकिटात घालण्याआधी तिला वाचून दाखवायचं अशी तिची अट आहे, त्यामुळे जे लिहीन ते खरंच लिहावं लागणार.

आपण अकरा वर्षं एकमेकांना चर्चचा विषय सोडून सगळं लिहीत आलो. आज तो विषय काढतो आहे, रागावू नकोस. तो रविवार मी विसरलेलो नाही. लग्नानंतर तू पहिल्यांदा भावोजींना घेऊन आली होतीस. आपलं बाक खांबामुळे तोकडं, पाच जणांचं: बाबा, मी, तुझी भावजय, तू, आणि पाचवी जागा आईची. आईला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, पण तिचं गीतपुस्तक जागेवर होतं आणि बाबांनी ते उचललं नाही. भावोजी दारापाशी उभे राहिले. दुसऱ्या गीताला तू उठलीस आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिलीस. शेवटच्या आमेननंतर पायरीवर मला म्हणालीस, या इमारतीत मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. शब्द पाळलास. बाबांच्या वेळीही तू थेट कबरस्तानात आलीस. तेव्हा हे पत्र नुसती बातमी म्हणून वाच, तुझ्याकडे काही मागायचं नाही. बातमी अशी की आम्ही चर्च वाढवतो आहोत.

कारण सांगायचं तर सातव्या नियमापासून सुरुवात करायला हवी. जागेवर गीतपुस्तक असलं की जागा भरलेली, हे तुला माहीत आहे. मुळात नियम शहाणपणाचा होता. गाणारी माणसं उठून पुढे जातात, आया रडकी मुलं घेऊन बाहेर जातात, तेवढ्यात त्यांची जागा जाऊ नये आणि हजेरी घेणाऱ्याने त्यांना गैरहजर मांडू नये. म्हणून नियमवहीत लिहिलं गेलं, ‘जागेवर पुस्तक असल्यास सभासद हजर समजावा.’ बाबांचं अक्षर आहे, खाली दोन रेघा. पण पुस्तक किती वेळ असावं, हे बाबांनी लिहिलं नाही. (तेव्हा ते चिटणीस होते आणि त्यांना उपासनेला उशीर होत असावा.) मग कोणाची मुलगी शिकायला गेली, पुस्तक राहिलं. कोणाचा भाऊ भांडून गेला, पुस्तक राहिलं. कोणी देवाघरी गेलं, त्याचं तर उचलायचं कोणी? दातांच्या डॉक्टरांचा मुलगा परदेशी जाऊन चौदा वर्षं झाली. त्याची आई दर रविवारी त्याच्या पुस्तकावरची धूळ रुमालाने पुसते आणि इकडेतिकडे बघते, जणू तो आत्ताच पाणी प्यायला गेला आहे. बाबांनंतर चिटणीस मी झालो, तेव्हापासून हजेरी मी मांडतो. माळ्यावर बसून डोकं दिसलं की एक खूण, पुस्तक दिसलं की एक खूण. मयत सभासदांचं नाव मी वहीतून काढतो, पण जागेची खूण चालू राहते. त्यांची हजेरी आम्हा जिवंतांपेक्षा चोख आहे.

अशा प्रकारे चर्च भरलेलं होतं. त्यात नव्या वस्तीतली एक नर्स तिच्या म्हाताऱ्या आईला घेऊन येऊ लागली. पहिल्या रविवारी त्या दोघी एका रिकाम्या जागेशी थांबल्या, पुस्तक बघितलं, पुढे सरकल्या, पुन्हा पुस्तक, असं करत करत व्यासपीठापर्यंत गेल्या आणि तिथून परत दारापाशी येऊन उभ्या राहिल्या. सहा रविवार उभ्या होत्या. नर्सबाईला उभं राहायची सवय आहे, तिच्या आईला नाही. पाळकसाहेबांनी सभेत विषय काढला. (हे पाळकसाहेब तू पाहिलेले नाहीत. येऊन तीन वर्षं झाली. चांगले आहेत, फक्त जे लिहिलेलं असतं त्यावर त्यांचा विश्वास बसतो.) ऐकून सगळ्यांना वाईट वाटलं, आणि ते खरं वाटणं होतं. दातांचे डॉक्टर तर उठून उभे राहिले. म्हणाले, माणसांना दारात उभं ठेवणं आपल्याला शोभत नाही. हे म्हणताना त्यांचा एक हात मुलाच्या पुस्तकावर होता. मग हेडमास्तर उठले. निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. ते म्हणाले, जागा कमी आहे, माणसं जास्त आहेत, तर उत्तर काय? आणि मुलं उत्तर देईपर्यंत थांबावं तसे थांबले. उत्तर त्यांनीच दिलं: इमारत वाढवायची. ठराव एकमताने झाला. पुस्तकं उचला, असं कोणीच म्हणालं नाही. मी इतिवृत्त लिहीत होतो, त्यामुळे मला बोलता आलं नाही. (चिटणीस होण्याचा हा एक फायदा आहे.)

किती वाढवायची, हा पुढचा प्रश्न. हेडमास्तर विस्तार समितीचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी माझ्याकडून हजेरीवही मागवली. एकशे ब्याण्णव जागा आणि दर रविवारी हजर एकशे एक्याण्णव, एकशे ब्याण्णव, पुन्हा एकशे एक्याण्णव. वर्षानुवर्षं तेच. असा चोख वर्ग त्यांनी नोकरीत पाहिला नव्हता, वाचताना त्यांचा आवाज भरून आला. आता नवे लोक येणार, तेव्हा तीनशे माणसं धरून चालू, म्हणजे मागची भिंत पाडून चाळीस फूट मागे न्यायची. मिस्त्री बुधवारी माप घ्यायला आला. मी किल्ली घेऊन गेलो होतो. माणूस कामाचा, प्रश्न मात्र सरळ विचारतो. टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाला, “एवढी पुस्तकं विसरून जातात होय लोक?”

मी म्हणालो, “विसरत नाहीत. म्हणून तर ठेवतात.”

त्याने मान हलवली आणि भिंतीवर खडूने फुली मारली.

मध्ये तीन महिने बाकांवरून वाद झाला, तो तुला सविस्तर सांगत नाही. विस्तार सगळ्यांना हवा होता, फक्त आपलं बाक जिथे आहे तिथेच राहून. पुढच्यांना मागे जायचं नव्हतं, मागच्यांना मधे यायचं नव्हतं, आणि ऑर्गन वाजवणाऱ्या बाई म्हणाल्या की त्यांचं स्टूल एक इंच हललं तर सूर हलेल. शेवटी ठरलं की जुनी बाकं आहेत तिथेच राहतील आणि नव्या चाळीस फुटांत नवी माणसं बसतील. नर्सबाईला विचारलं, चालेल का? ती म्हणाली, “आईला बसायला मिळालं तर अंगणातसुद्धा चालेल.” हे इतिवृत्तात ‘नव्या सभासदांनी संमती दर्शवली’ असं नोंदलं आहे.

मग एका सोमवारी भिंत पडली. मला वाटलं होतं काही तरी वाटेल. भिंत म्हणजे तीच, जिच्याशी भावोजी उभे होते. पण ती पडताना फक्त धूळ झाली, आणि ती इतकी झाली की मिस्त्रीने आतलं सगळं सामान बाहेर काढायला लावलं. त्याच्या माणसांनी बाकं उचलून अंगणात ताडपत्रीखाली ठेवली. पण आधी बाकांवरची पुस्तकं गोळा केली, आणि ती सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरली. चार पोती झाली. कोणाचं कुठलं, काही राहिलं नाही. आई, बाबा, डॉक्टरांचा मुलगा, सगळे एकावर एक, आणि पोत्याचं तोंड सुतळीने बांधलेलं. मी पोहोचलो तेव्हा मिस्त्री हात झटकत होता. म्हणाला, “एकही फाटू दिलं नाही.” फाटलं खरंच एकही नव्हतं.

शनिवारी बाकं पुन्हा आत मांडली आणि पडलेल्या भिंतीच्या जागी निळं प्लास्टिक बांधलं. रविवारी माणसं आली आणि बाकांमधल्या वाटेत थांबली. जागा त्यांच्याच होत्या, बाकंही त्याच क्रमाने होती, पण बाक रिकामं असलं की ते आपलं आहे हे ओळखू येत नाही, हे त्या दिवशी कळलं. वाटेत गर्दी झाली. डॉक्टरीणबाई रुमाल हातात धरून उभ्या होत्या, पुसायला काही नव्हतं. पाळकसाहेबांनी थोडी वाट पाहिली आणि व्यासपीठावरून म्हणाले, “बसा हो, कुठेही बसा. देवाला चालेल.” मग माणसं बसली. पुढून बसत गेली. हेडमास्तर ऑर्गनजवळच्या बाकावर बसले, ज्यावर ते जन्मात बसले नव्हते. डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई मधे जागा न सोडता बसले. नर्सबाई आणि तिची आई तिसऱ्या ओळीत बसल्या. म्हातारीने दोन्ही हात बाकावर टेकवून पाहिले आणि मग अंग सैल सोडलं.

मी माळ्यावरून मोजलं. एकोणनव्वद. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा मोजलं. (दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावतो, त्यामुळे स्वतःच्या नजरेवर चटकन शंका घेत नाही.) एकोणनव्वदच. पुढची बारा बाकं जेमतेम भरली होती. त्यांच्या मागे बारा बाकं रिकामी, पॉलिश केल्यासारखी स्वच्छ. त्यांच्या मागे निळं प्लास्टिक वाऱ्याने आतबाहेर होत होतं, आणि प्लास्टिकच्या मागे चाळीस फूट खणलेला पाया. पहिल्या गीतात एकेकाने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे पाहिलं. गाणं मात्र बरं झालं. जवळजवळ बसल्यामुळे असेल. मिस्त्री प्लास्टिक नीट बांधलंय ना हे बघायला आला होता. त्याने माळ्याकडे बघून इमारतीच्या कामावर जो आवाज लावतात त्या आवाजात विचारलं, “साहेब, बाकीचे आज सुट्टीवर का?”

मंगळवारी सभा झाली. हेडमास्तरांनी पुरावा म्हणून चारही पोती मागवली. जमिनीवर ठेवणं बरं दिसेना म्हणून ती खुर्च्यांवर ठेवली, आणि पंचमंडळातले चार जण भिंतीला टेकून उभे राहिले. सातवा नियम मोठ्याने वाचला गेला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी वहीकडे पाहिलं. राजीनामा लिहूनच नेला होता, तो दिला. तो नामंजूर झाला, कारण दुसऱ्या कोणाचं अक्षर वाचता येत नाही. हेडमास्तर म्हणाले की गणिताची रीत बरोबर होती, फक्त उत्तर चुकलं. मिस्त्रीला बोलावलं. तो दारातूनच म्हणाला, भिंत तर बांधावीच लागेल, इथे बांधू की चाळीस फूट तिकडे, तेवढं सांगा, माझी माणसं उन्हात बसलीत. बराच वेळ चर्चा होऊन ठरलं की चाळीस फूट तिकडे. (तुझी भावजय घरी म्हणाली, चुकलं म्हणायला जीभ उचलावी लागते, चाळीस फूट बांधायला नुसत्या विटा.) तेवढ्यात नर्सबाई, जी नियमाप्रमाणे सभेत बसू शकत होती पण बोलू शकते की नाही हे कोणी तपासलं नव्हतं, तिने विचारलं, “जे नाहीत त्यांना कोणी बोलावलंय का?”

“त्यांची पुस्तकं ठेवलीयेत की आम्ही,” डॉक्टर म्हणाले.

“हो, पण ती इथे ठेवलीत. त्यांना कसं कळणार?”

यावर हेडमास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या माहितीत असं प्रथमच घडलं. मग ठराव झाला: प्रत्येक घराने पोत्यातून आपापली पुस्तकं ओळखून न्यायची. पुस्तकाचा धनी हयात नसेल तर ते घरी ठेवायचं, आणि हयात असेल तर त्याला पत्र लिहायचं. तेव्हापासून दोन महिने सगळी मंडळी टेबलाशी बसून पेन चावते आहे. डॉक्टरीणबाईंचं पत्र सर्वांत आधी गेलं. मुलाने लगेच फोन केला. म्हणाला, येतो, पण मला पुढचं बाक आवडत नाही हे मी दहा वर्षांचा असतानाच सांगितलं होतं. बाई दोन दिवस हे सगळ्यांना सांगत होत्या, तक्रार केल्यासारखं, हसत हसत.

आपल्या घरची पुस्तकंही मी शोधून आणली. आईचं, बाबांचं, आणि आणखी दोन. एक तुझं. दुसरं भावोजींचं. हो, त्यांचंही. तू गेलीस त्याच्या पुढच्या रविवारी मी दोन नवी पुस्तकं घेऊन तुमच्या नावाने बाकावर ठेवली. पाच जणांच्या बाकावर तेव्हा आईचं पुस्तक, तुमची दोन आणि आम्ही तिघं, असे सहा जण मावत होतो. पुस्तक अंगाने बारीक असतं. तुझी भावजय तेव्हा एवढंच म्हणाली होती, “माणसाला जागा नव्हती, पुस्तकाला झाली.” पुढे बाबा गेले, त्यांचं पुस्तक आलं, म्हणजे पुन्हा सहाच.

तर अशी बातमी आहे. नव्या भागाचं दार पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या रविवारी उघडणार. छत झालं, फरशी बसते आहे. आत बोललं की आवाज फिरून परत येतो, माणसं बसली की थांबेल म्हणतात. गुडघ्यांची काळजी घे. कळवण्यासारखं आणखी काही नाही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. १. भावोजींचा चष्मा वेगळ्या पार्सलने पाठवला आहे. नंबर जुनाच ठेवला आहे. बदलला असण्याची शक्यता आहे, पण ते इथून तपासता येत नाही. दुकानात यावं लागेल.

ता. क. २. एक लिहायचं राहिलं. नवं दार कोणी उघडायचं यावर वाद नको म्हणून भिंत पडण्याआधीच पाळकसाहेब हजेरीवही घरी घेऊन गेले होते. सर्वांत दीर्घ विनाखंड हजेरी ज्याची, त्याच्या हस्ते उद्घाटन, असं त्यांनी ठरवलं. बाकीच्यांची पुस्तकंही कधी झाडताना पडली, कधी उंदराने खाल्ली, एखादा रविवार चुकला. तुमची दोन मी स्वतः झाडत होतो. अकरा वर्षांत एकही रविवार न चुकवलेले सभासद या मंडळीत दोनच आहेत: तू आणि भावोजी. (भावोजी मुळात सभासदच नाहीत, पण नाव मी लिहिलं होतं.) पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून तुमची नावं जाहीर केली. म्हणाले, हे दोघे इतके विनम्र आहेत की तीन वर्षांत माझी त्यांच्याशी ओळखही झाली नाही. जुनी माणसं आपापल्या बुटांकडे बघत होती. प्रत्येकाच्या नावापुढे पुस्तकाच्या खुणा आहेत, त्यामुळे बोलणार कोण? पत्रिकाही छापून झाल्या. तेव्हा तुम्ही दोघं आला नाहीत तर मी भर मंडळीत खोटा पडतो. माझी अब्रू तुझ्या हातात आहे.

ता. क. ३. तुझ्या भावजयीला पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, दुसरा ताजा कलम खोडा, नाही तर पुढे खरं लिहा. खोडलं तर पान खराब दिसेल, म्हणून खरं लिहितो. पत्रिका छापून झालेल्या नाहीत. पाळकसाहेबांना मी मंगळवारच्या सभेच्या दुसऱ्याच दिवशी जाऊन सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग वही मिटून म्हणाले, नावं बदलता येतील, ती दोघं काय म्हणतात ते विचारा. तेव्हा माझ्या अब्रूसाठी यावं असं काही नाही. दार हेडमास्तरसुद्धा उघडतील, आनंदाने.

बाकं अंगणात होती तेव्हा मी आपलं बाक टेपने मोजलं. ते पाच जणांचं नाही. थोडं थोडं सरकलं तर सहा माणसं नीट बसतात. त्या रविवारी बाबांनी पुस्तक उचललं नाही, हे तुला दिसलं. माझ्या डाव्या बाजूला वीतभर जागा होती आणि मीही सरकलो नाही, हे तुला दिसलं होतं की नाही, मला माहीत नाही. चिटणीस झाल्यापासून मी दर रविवारी ते माळ्यावरून बघतो आहे.

तुमच्या जागेवर आता पुस्तकं नाहीत. तिथे नर्सबाई आणि तिची आई बसतात. त्यांना विचारून ठेवलं आहे. तुम्ही आलात तर त्या सरकणार आहेत, आणि त्या दिवशी मी माळ्यावर जाणार नाही, खालीच बसेन. आईबाबांची पुस्तकं मांडीवर घेईन.